शाळेने लॅपटॉप घ्यायचा तो कोणासाठी?

(मुलुंड येथे शिक्षक, पालक आणि पक्षकार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मुलुंडमधल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांपैकी बहुतेकांच्या संचालक मंडळापुढे आज ना उद्या एक फाइल येणार आहे. काहींच्या पुढे ती येऊन पडलेलीही असेल. फाइलीत तीन पुरवठादारांची दरपत्रके असतात, एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून काही रक्कम मिळण्याची आशा असते, आणि उरलेला भार पालकांनी ‘ऐच्छिक’ उचलावा असा एक सौम्य शब्दांत लिहिलेला ठराव असतो. चर्चा सुरू होते ती कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे, पडदा किती इंचांचा असावा, प्रोसेसर कोणत्या पिढीचा असावा येथून. दोन तास चर्चा होते, चहा होतो, आणि सर्वांत कमी दराचे पत्रक मंजूर होते. हे यंत्र शाळेत कोणते काम करणार आहे आणि ते कोणाच्या हाती राहणार आहे, हा प्रश्न त्या दोन तासांत सहसा कोणी विचारीत नाही.

समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारला की त्याच्यावर यंत्रविरोधाचा शिक्का मारणे सोपे असते. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध जो लढा दिला त्याची आठवण अशा वेळी मुद्दाम करून दिली जाते. त्या लढ्यामागची रोजगाराची चिंता खोटी नव्हती. पण यंत्रमात्राला नकार ही समाजवादी विचाराची भूमिका कधीच नव्हती. गांधीजींनादेखील १९२४ साली तुमचा यंत्राला सरसकट विरोध आहे काय असे विचारण्यात आले, तेव्हा आपला विरोध यंत्राच्या वेडाला आहे असे त्यांनी सांगितले आणि सिंगरच्या शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला. शिवणयंत्र शिवणारणीच्या ताब्यात असते. ते तिचे श्रम वाचविते आणि तिला कामावरून दूर करीत नाही. शाळेतल्या लॅपटॉपलाही हीच कसोटी लावून पाहावी.

आपल्या देशात शाळेमध्ये संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ मध्ये झाला. ‘क्लास’ या नावाच्या त्या प्रकल्पात सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि तेथे इंग्लंडमधील ‘बीबीसी मायक्रो’ ही यंत्रे बसविण्यात आली. यंत्र विलायतेचे, त्यावरील धडे बहुतांशी विलायतेचे, भाषा इंग्रजी. पुढे शाळांची संख्या वाढत गेली. पण ज्या शिक्षकाने वर्गात ते यंत्र चालवायचे त्याचे प्रशिक्षण काही दिवसांतच उरकले जाई, आणि यंत्र बिघडले की ते कुलूपबंद खोलीत धूळ खात पडे. ‘संगणककक्ष’ म्हणून पाटी लावलेली आणि वर्षभर न उघडणारी खोली ज्यांनी पाहिली आहे, अशी माणसे या सभेतही असतील.

वीस वर्षांनी याच गोष्टीची दुसरी आवृत्ती निघाली, या वेळी जागतिक पातळीवर. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप ही कल्पना मांडली. किंमत शंभर डॉलर राहील असे सांगितले गेले. प्रत्यक्षात यंत्र बाजारात आले तेव्हा ती दोनशे डॉलरच्या जवळ पोचली होती. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास खात्याने २००६ मध्येच ही योजना नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे आणि या यंत्राची शैक्षणिक उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, असे त्या वेळच्या शिक्षण सचिवांचे म्हणणे होते. सरकारी बाबूचा सावधपणा म्हणून त्या भूमिकेची तेव्हा थट्टा झाली. लॅटिन अमेरिकेतील पेरू देशाने मात्र आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची गणितातील आणि भाषेतील प्रगती यंत्रामुळे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, हजेरीवरही परिणाम दिसला नाही. सर्वसाधारण विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, तेवढीच. सचिवांची थट्टा करणाऱ्यांनी हे निष्कर्ष वाचले की नाही हे कळावयास मार्ग नाही.

याच यंत्राचा भारतातील पहिला प्रयोग मुलुंडपासून फार दूर झाला नाही. मध्य रेल्वेच्या याच मार्गावर कर्जत. त्या तालुक्यातील खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये पहिली ते चौथीच्या बावीस मुलांना ही छोटी हिरवी-पांढरी यंत्रे देण्यात आली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी पुढे त्या मुलांबरोबर काम केले, त्यांचा अभ्यास केला. मुलांना यंत्राचे भय वाटत नाही, न शिकविता ती पुष्कळ गोष्टी एकमेकांकडून शिकतात, हे तेथे स्वच्छ दिसले आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण बावीस मुलांच्या त्या शाळेला एक मन लावून काम करणारा शिक्षक, शहरातील एक संशोधन संस्था आणि फुकट मिळालेली यंत्रे, हे तिन्ही एकाच वेळी लाभले होते. महाराष्ट्रातील किती शाळांना ते लाभणार? प्रयोगातून यंत्र उचलावयाचे आणि त्याच्या भोवतीची माणसे मागे ठेवावयाची, अशी आपल्याकडे योजना आखण्याची रीत पडून गेली आहे.

‘आकाश’ या टॅब्लेटची कथा अजून ताजी आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी मोठा गाजावाजा होऊन ते जाहीर झाले. पडदा बोटाच्या साध्या स्पर्शाला दाद देईना, प्रोसेसर मंद, बॅटरी लवकर संपे. ज्या संस्थेकडे खरेदीचे काम होते तिच्यात आणि पुरवठादार कंपनीत तपासणीच्या अटींवरून वाद झाला. नंतर हे काम पवईच्या आयआयटीकडे आले, सुधारलेले ‘आकाश-२’ नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाले, ते पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे होते; तरीही शाळाशाळांत ते पोचेल ही घोषणा हवेत विरली. सर्वांत स्वस्त यंत्र हे उद्दिष्ट ठरले की पुढची सारी गणिते त्या एका आकड्याभोवती फिरू लागतात, हे त्या प्रकरणातून घेण्याजोगे आहे.

मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या बावीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि महापालिका शाळेतील मुलाच्या हाती खाजगी शाळेतल्या मुलाइतकेच आधुनिक साधन यावे, हा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. टॅब हा वाचावयाचे पाहावयाचे साधन आहे. त्यावर निबंध लिहिणे, कोष्टक मांडणे, प्रयोगाचा अहवाल तयार करणे दुरापास्त आहे. मूल त्यावर बोट फिरविते आणि जे दिसेल ते घेते. लिहिणाऱ्या मुलाला कळफलक लागतो, म्हणून टॅबपेक्षा लॅपटॉप हे पाऊल बरोबर आहे, एवढे सुरुवातीलाच मान्य करून पुढे जावे.

परंतु मित्रहो, या सर्व चर्चेवर मार्च २०२० पासूनच्या दीड वर्षाची दाट सावली आहे. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष उघडले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. पहिली ते सातवीची मुले शाळेत आली ती १५ डिसेंबरला. त्या काळात घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जाणार, संध्याकाळी आल्यावर तीन भावंडांनी वाटून घ्यायचा. ही स्थिती नवघर, गव्हाणपाड्यापासून मुलुंड कॉलनीच्या डोंगराकडील वस्तीपर्यंत शिक्षकांनी घरोघर पाहिली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीतच हे दिसून आले होते की देशातील नागरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता. साथीने ती विषमता निर्माण केली नाही, ती उघडी पाडली. आज जे पालक कर्ज काढूनही मुलाला यंत्र देण्यास तयार होतात, त्यांच्या मनात त्या दीड वर्षाचे भय आहे. या भयावर व्यापार चालू आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की काही शाळाही त्यात आपला वाटा शोधू लागल्या आहेत.

त्यामागचे कारण सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. मराठी शाळांचे पट घसरत आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गावर जेथे एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत तेथे आता मॉल आणि उंच मनोरे उभे आहेत. त्या कारखान्यांतील कामगारांची मुले ज्या शाळांत शिकली त्या शाळांचे वर्ग ओस पडू लागले आहेत. शेजारच्या इंग्रजी शाळेच्या जाहिरातीत प्रत्येक मुलापुढे एक लॅपटॉप दिसतो. मग मराठी शाळेच्या चालकांना वाटते, आपणही असे छायाचित्र काढले तर पट टिकेल. यंत्र येथे शिकण्याचे साधन न राहता शाळेच्या दारावरचे तोरण होते. आणि तोरणासाठी घेतलेले यंत्र तोरणासारखेच सुकते.

आता थोडे हिशेबाकडे वळू. समजा, एका शाळेत ६०० विद्यार्थी, १५ तुकड्या आणि २० शिक्षक आहेत, आणि बऱ्यापैकी टिकाऊ यंत्राची किंमत करासह ३५,००० रुपये धरली. प्रत्येकाला एक यंत्र द्यायचे तर ६२० यंत्रांना २ कोटी १७ लाख रुपये लागतील. मुलाच्या दप्तरातून रोज ये-जा करणारे यंत्र चार वर्षे टिकले असे उदारपणे मानले, तरी दर वर्षी दर विद्यार्थ्यामागे नऊ हजार रुपयांहून अधिक बोजा पडतो; दुरुस्ती वेगळी. ज्या शाळेला वेतनेतर अनुदान तुटपुंजे आणि वेळीअवेळी मिळते, तिने हा आकडा उच्चारणेही अवघड. अर्थात तो पालकांवर जाणार.

याच शाळेने दुसऱ्या रीतीने विचार केला तर? वीस शिक्षकांना प्रत्येकी एक, आणि विद्यार्थ्यांसाठी चाळीस यंत्रांचे एक फिरते कपाट, जे तासिकेप्रमाणे वर्गावर्गांत जाईल. साठ यंत्रांचे २१ लाख. त्यावर दर वर्षी किमतीच्या दहा टक्के दुरुस्तीनिधी, म्हणजे पाच वर्षांचे साडेदहा लाख. एकूण साडेएकतीस लाख; वर्षाला दर विद्यार्थ्यामागे १,०५० रुपये. आठवड्याच्या ४५ तासिका धरल्या तर पंधराही तुकड्यांना प्रत्येकी आठवड्यातून तीन तासिका मिळतात, आणि त्या तासिकांत प्रत्येक मुलाच्या पुढे स्वतंत्र यंत्र असते. आठवड्यातून तीन तासिका नीट वापरल्या गेल्या तर पुष्कळ झाले. त्याहून अधिक वेळ मुलाने पडद्यापुढे बसावे असे कोणत्या शिक्षणशास्त्रात लिहिले आहे? स्वीडनसारख्या संपन्न देशाच्या सरकारने २०२३ मध्ये शाळांत पुन्हा छापील पुस्तकांकडे वळण्यासाठी पैसा दिला, हे येथे लक्षात ठेवावयास हरकत नाही.

या हिशेबात एक आनुषंगिक बाब आहे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. लॅपटॉपवर तो १८ टक्के आहे. कारखानदाराला असा भरलेला कर आपल्या पुढील करातून वळता करून घेता येतो, शाळेची सेवा करमुक्त असल्यामुळे शाळेला तो घेता येत नाही. वरील साठ यंत्रांत सुमारे ३ लाख २० हजार रुपये निव्वळ कराचे असतात, म्हणजे दीड वर्षाचा दुरुस्तीनिधी सरकारजमा होतो. शाळांनी केलेल्या खरेदीवरील या कराची परतफेड व्हावी ही मागणी पक्षाने आजवर नेटाने मांडलेली दिसत नाही. ती मांडावयास हवी.

वरच्या योजनेत शिक्षक प्रथम आहेत याचे काहींना आश्चर्य वाटेल. केरळने हेच केले. तेथे २००१ पासून ‘आयटी ॲट स्कूल’ हा कार्यक्रम चालला, २०१७ मध्ये त्यातून ‘काइट’ ही सरकारी संस्था झाली, आणि आठवी ते बारावीच्या ४५,००० वर्गखोल्यांत प्रत्येकी एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर बसविण्यात आला. प्रत्येक मुलाला यंत्र दिले गेले नाही. वर्गाला दिले, आणि वर्ग शिक्षकाच्या ताब्यात होता. त्याआधी वर्षानुवर्षे शिक्षकांचे प्रशिक्षण चालू होते, तेही शिक्षकांमधूनच तयार झालेल्या प्रशिक्षकांकडून. सर्व यंत्रे मुक्त प्रणालीवर, म्हणजे लिनक्सवर, मल्याळममध्ये चालणारी. दुरुस्ती ठरल्या मुदतीत झाली नाही तर पुरवठादाराला दंड. मात्र केरळचेही सारेच साधले असे नाही. साथीच्या काळात हप्त्यांवर लॅपटॉप देण्याची जी योजना तेथे निघाली, तिच्यात पुरवठा रखडला, आणि सरकारच्या भागीदारीत उभ्या राहिलेल्या कंपनीची काही यंत्रे सुरूच होईनात अशा तक्रारी आल्या. घराघरांत यंत्र वाटायचे म्हटले की डावे सरकारही अडखळते. वर्गाला आणि शिक्षकाला यंत्र द्यायचे म्हटले तेव्हा तेच सरकार यशस्वी झाले.

मात्र शिक्षकाला यंत्र देताना महाराष्ट्रात एक धोका आहे. शिक्षकांवर आधीच ‘सरल’, ‘यू-डायस’, पोषण आहाराच्या नोंदी आणि निरनिराळ्या ॲपवर भरावयाच्या माहितीचा असा मारा आहे की शिकविणे हे त्यांचे जोडकाम होऊन बसले आहे. ही माहिती ते आज स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशाने भरतात. शाळेने लॅपटॉप दिला की प्रशासन म्हणेल, आता सबब उरली नाही. मग शिक्षकाच्या हाती दिलेले यंत्र ही नवी वेठबिगार ठरेल. म्हणून खरेदीच्या ठरावातच लिहिले पाहिजे की हे यंत्र अध्यापनाच्या तयारीसाठी आहे. कार्यालयीन नोंदींसाठी कार्यालयात वेगळे यंत्र आणि वेगळा लिपिक असेल. शिक्षक संघटनांनी वेतनाच्या प्रश्नाइतक्याच आग्रहाने हा मुद्दा लावून धरावा.

यंत्र निवडायचे ते कसे, याबद्दल आता थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले साधे यंत्र शाळेच्या कामाला पुरते. त्यापलीकडचा वेग हा दुकानदाराच्या नफ्याचा वेग आहे. रॅम, एसएसडी आणि बॅटरी बदलता येते की सारे कायमचे चिकटवून टाकलेले आहे, हे यंत्र उघडून पाहावे. हमी पाच वर्षांची मागावी, आणि दुरुस्ती शाळेत येऊन करण्याची अट घालावी. सेवाकेंद्राच्या दारात यंत्र घेऊन शिपायाने रांगेत उभे राहायचे ही हमी नव्हे. कंपन्या आपल्या हिशेबात लॅपटॉपचे आयुष्य तीन वर्षे धरतात आणि नंतर यंत्रे काढून टाकतात. त्यांतील चांगल्या प्रतीची यंत्रे, नवी बॅटरी व एसएसडी घालून, आणखी चार-पाच वर्षे सहज चालतात. लॅमिंग्टन रोडवर हा व्यवसाय करणारी कुशल माणसे आहेत. दान म्हणून येणारी यंत्रे मात्र तपासल्याविना घेऊ नयेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार संपला. विंडोज ११ साठी आवश्यक ती सोय पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. त्यामुळे कार्यालयांतून मोठ्या संख्येने बाहेर पडलेल्या यंत्रांचा ओघ दानाच्या नावाने शाळांकडे वळणे साहजिक आहे. लिनक्स घालून ती वापरता येतात, आणि ज्या शाळेने तसे ठरविले असेल तिला ते दान उपयोगी पडेल. ज्या शाळेने काहीच ठरविले नसेल ती फक्त दुसऱ्याचा ई-कचरा सांभाळील.

भाषेचा मुद्दा शेवटी येतो, कारण दरपत्रकात तो येतच नाही. मराठी शाळेतल्या लॅपटॉपवर मराठी लिहिता येणे ही पहिली अट हवी. इन्स्क्रिप्ट हा कळफलक ऐंशीच्या दशकापासून प्रमाणित आहे आणि प्रत्येक प्रणालीत तो विनामूल्य असतो. कळांवर देवनागरी अक्षरांची चिकटपट्टी लावणे हे दोन दिवसांचे काम. तरीही मराठी माध्यमाची मुले रोमन लिपीत मराठी टाइप करताना दिसतात. पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस अशा मुक्त प्रणालींचे धडे मराठीतून विनामूल्य उपलब्ध केले आहेत. पवई मुलुंडपासून किती दूर? एवढ्या जवळची ही सामग्री मुलुंडच्या वर्गात का पोचत नाही, याचे उत्तर लॅपटॉपच्या किमतीत सापडणार नाही.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी तक्रार केली होती की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गासाठी. लॅपटॉपच्या खरेदीत आज तेच घडण्याची चिन्हे आहेत. ज्याच्या घरी आधीच यंत्र आहे त्याच्या शाळेला कंपनीचा निधी मिळतो, कारण तेथे अर्ज इंग्रजीत आणि सुबक लिहिला जातो. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी यंत्रांची निवड, खरेदी आणि दुरुस्ती एकत्रितपणे, उघड अटींवर, सार्वजनिक संस्थेमार्फत व्हावी आणि तिचा पैसा अंदाजपत्रकातून यावा, ही मागणी वॉर्डापासून विधानसभेपर्यंत नेण्याजोगी आहे. ती मान्य होईपर्यंत शाळाशाळांतून जे करता येईल ते करावयाचे.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मुलुंडच्या अनेक शाळांत या समितीची सभा वहीत होते, सह्या घरपोच घेतल्या जातात. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी येत्या जूनपूर्वी आपापल्या परिसरातील निदान एका शाळेच्या समितीतील मातांना हे दरपत्रक हाती घेऊन वाचावयास शिकवावे. नव्या बॅटरीची आजची किंमत आणि तीन वर्षांनंतरची किंमत पुरवठादाराकडून लेखी घ्यावी. कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, आणि ते शिक्षक रजेवर असताना कोणाकडे, हे नाव घालून ठरवावे. आणि ‘ऐच्छिक’ वर्गणीचा ठराव असेल तर तो त्याच सभेत मताला टाकण्याचा आग्रह धरावा.